मोकळं करणे

"साहेब, टेबल मोकळं करता का जरा?" असं वाढपी म्हणाला आणि राजदूताच्या हातातला कप बशीवर असा आदळला की शेजारच्या टेबलावरच्या बाईने वर्तमानपत्र खाली घेऊन पाहिलं. वाढपी पन्नाशीपुढचा, खांद्यावर फडकं, तोंडावर सकाळपासूनचा कंटाळा; त्याच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. टेबल चौघांचं होतं, दाराशी चौघं ताटकळत होते, आणि हा एकटा माणूस एका चहावर अर्धा तास ठाण मांडून बसला होता. पण राजदूत त्याच्याकडे बघतच राहिला. ह्याने नेमका हाच शब्द का काढला? 'उठता का' म्हणता आलं असतं, 'तिकडे बसता का' म्हणता आलं असतं. कोणी सांगून ठेवलंय का ह्याला? मग वाढप्याने आपण होऊन कप उचलला, "तिकडे कोपऱ्यात देतो ठेवून," असं म्हणत चालू लागला, आणि राजदूताला स्वतःचीच शरम वाटली. त्याला शरम वाटायची ती अशीच, फार उशिरा आणि फुटकळ गोष्टींवरून.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी एकच खुर्ची होती. तिथल्या खिडकीतून समोरची सरकारी इमारत दिसत होती, चार मजल्यांची, दाराशी पहारेकरी आणि सायकलींची रांग. तिसऱ्या मजल्यावर अकरा वाजता चौकशी समिती बसायची होती आणि तिला राजदूताकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. उत्तर कोटाच्या आतल्या खिशात तयार होतं, टाइप केलेलं, दोन ओळींचं. ते त्याने लिहिलेलं नव्हतं, धाकट्याने लिहून पाठवलं होतं. धाकटा म्हणजे एकेकाळचा त्याचा हाताखालचा अधिकारी. तेव्हा कचेरीत ह्याला मोठे साहेब आणि त्याला धाकटे साहेब म्हणत. आता धाकट्याचं टक्कल चकाकू लागलं होतं आणि तो ह्या समितीचा सचिव झाला होता, तरी राजदूताच्या लेखी धाकटा तो धाकटाच. "सर, तुम्ही फक्त एवढं वाचायचं आणि सही करायची," तो फोनवर म्हणाला होता. "तुम्हाला काडीचाही त्रास होणार नाही." ह्या वाक्याचा राजदूत तीन दिवस कीस पाडत होता. ज्याला खरोखर त्रास होणार नसतो त्याला तसं सांगायला कोणी फोन करत नाही.

संशय घेणं हा तसा त्याचा स्वभाव नव्हता, धंदा होता. पण चाळीस वर्षं एकच धंदा केला की माणूस आणि धंदा वेगळे काढता येत नाहीत. समोरचा काय बोलला ह्यापेक्षा काय बोलायचं टाळलं, हे आधी बघायचं. कोणी 'मनापासून' म्हणालं की सावध व्हायचं, 'अगदी मनापासून' म्हणालं की उठून जायची तयारी करायची. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. बायको म्हणायची, "अहो, शेजारीण साखर मागायला आली होती. तिच्याकडे काय असं बघत होतात, ती काय तह करायला आली होती?" आणि तिच्या थट्टेतही तो काहीतरी शोधायचा. काल संध्याकाळी ती म्हणाली होती, "विचारलंय तेवढंच सांगा. उगाच जास्तीचं काही बोलू नका." आता विचारलंय किती आणि जास्तीचं काय, हे हिला कसं ठाऊक? धाकट्याने हिलाही फोन केला असला पाहिजे. धाकट्याची बायको आणि ही एकाच योगवर्गाला जायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात दुधात माशी पडलेली त्याला रोज दिसायची आणि रोज ती साय निघायची. पण म्हणून बघणं थोडंच सोडायचं?

शिवाय हे सगळं आत्ताच का? महिन्यापूर्वी सरकारने नवी शांतता परिषद काढायचं ठरवलं होतं आणि तिच्या अध्यक्षपदासाठी ह्याचं नाव पुढे होतं. नाव पुढे येताच बरोब्बर तिसऱ्या दिवशी त्याच्या युद्धकाळातल्या दुभाषीबाईंचा अर्ज समितीपुढे आला. एकवीस वर्षं गप्प बसलेली बाई आत्ताच बरी बोलायला लागली. बोलवता धनी कोणीतरी वेगळाच असणार, असं त्याने पहिल्यांदा स्वतःला सांगितलं आणि मग बायकोला, आणि मग आरशात दाढी करताना पुन्हा स्वतःला. अर्ज मात्र त्याने वाचला होता. धाकट्याने प्रत पाठवली होती, ती पाठवायला नको होती, म्हणजे तीही संशयास्पदच. त्यात तिने नुकसानभरपाई मागितली नव्हती, नोकरी मागितली नव्हती. लिहिलं होतं: 'चौकशी अहवालाच्या चौदाव्या पानावर "दुभाषीकडून शब्दाचा अर्थ निसटला" असे वाक्य आहे. ते खोटे आहे. ते वाक्य काढावे. माझी मोठी बहीण ते वाक्य खरे मानते. तिचा नवरा त्या गावात होता. तिने एकवीस वर्षे माझ्याशी बोलणे टाकले आहे. ती आता शहात्तर वर्षांची आहे.' एवढंच. शेवटच्या वाक्यापुढे मागणी, विनंती, कळावे, काही नव्हतं. इतका कोरडा अर्ज कोणाच्या सांगण्यावरून लिहिता येत नाही, हे त्याला पहिल्या वाचनातच कळलं होतं. ते त्याने कोणालाही सांगितलं नाही.

ती मुळात शाळेत गणित शिकवायची. युद्ध सुरू झालं, शाळेत जखमी माणसं आली, आणि शांतिसेनेला स्थानिक भाषा जाणणारं माणूस हवं होतं म्हणून ती आली. आपली भाषा ती पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे आपल्यापेक्षा बरी बोलायची. शिपाई, स्वयंपाकी, सगळे तिला 'बाई' म्हणायचे आणि तिच्यासमोर शिव्या देताना जीभ चावायचे. सैन्य तीन देशांचं होतं, ह्याच्याकडे त्याचा नागरी कारभार होता: वाटाघाटी, बैठका आणि रोज संध्याकाळी मुख्यालयाला तार. दोन्ही बाजूंच्या सेनापतींकडे जायचं, त्यांचं ऐकायचं, त्यांना आपलं ऐकवायचं, आणि मध्ये ह्या बाई. भाषांतर करताना त्या कधी 'सेनापती म्हणतात की' असं म्हणायच्या नाहीत. सेनापती 'मी' म्हणाला की त्याही 'मी'च म्हणायच्या. ऐकताना अंगावर काटा यायचा. गोरी, साडेपाच फुटी शिक्षिका शांत आवाजात सांगतेय, 'मी तुमच्या सैनिकांचे पाय तोडीन,' आणि मग चष्मा पुसतेय.

त्या मंगळवारची बैठक बंद पडलेल्या कापडगिरणीच्या उपाहारगृहात होती. टेकडीवरचा सेनापती सफरचंद सोलत बसला होता. साल एकाच सलग पट्टीत निघावी म्हणून त्याची धडपड चालली होती आणि बोलण्यापेक्षा त्याचं लक्ष तिकडेच होतं. त्याने वेढलेल्या नदीपलीकडच्या गावाचा विषय निघाला. पुलावर शांतिसेनेचं नाकं होतं, साठ सैनिकांचं, आणि त्या नाक्यामुळेच ते साडेतीनशे वस्तीचं गाव अजून शाबूत होतं. सेनापती मान वर न करता एक वाक्य बोलला. बाईंनी लगेच भाषांतर केलं नाही. असं कधी होत नसे. मग म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत मी ते गाव रिकामं करीन." आणि पुढे, स्वतःच्या आवाजात, "साहेब, आमच्या भाषेत दोन क्रियापदं आहेत. वाट मोकळी करायची त्याला एक. आणि भांडं पालथं करून मोकळं करायचं, त्याला दुसरं. ह्यांनी भांड्याचं वापरलंय. माणसांसाठी ते कोणी वापरत नाही." सेनापतीची साल तुटली. त्याने ती टेबलाखाली टाकली आणि हसला. राजदूताने वहीत वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं, आणि वेळेपुढे काहीच लिहिलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत बाई एकदाच बोलल्या. "तुम्ही आजच कळवाल ना?" "आजच," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच त्याच दिवशी कळवलं. खोटं बोलणं त्याला कधी आवडलं नव्हतं. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढून उघड खोटं त्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच सांगितलं असेल. खोट्याची गरज अडाण्याला पडते. ज्याला भाषा येते त्याचं खऱ्यावरही भागतं. तारेचा कागद समोर घेतला तेव्हा त्याच्यापुढे दोन शब्द होते. 'रिकामं करणार' लिहिलं की मुख्यालयात घंटा वाजणार, मतदान होणार, पुलावरचं नाकं हलवता येणार नाही, उलट वाढवावं लागणार. त्या साठांत वीस सैनिक आपल्या देशाचे होते आणि देशात बारा दिवसांवर निवडणूक होती. मंत्र्यांचा फोन आदल्याच आठवड्यात आला होता. मंत्री मोठा गोड माणूस, सैनिकांच्या आयांची नावं त्याला पाठ असायची. त्याने हुकूम दिला नाही. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही तिथले आमचे डोळे आहात. पण डोळ्यांनी ओरडू नये हो, राजदूत." आणि कशी कोण जाणे, आपली भाषा मदतीला धावून आली. त्यांच्या भाषेत दोन क्रियापदं होती. आपल्या भाषेत एकाच शब्दात दोन्ही मावत होती. भांडंही मोकळं होतं, वाटही मोकळी होते. त्याने लिहिलं: 'शुक्रवारपर्यंत गाव मोकळे करण्याचा सेनापतींचा इरादा दिसतो.' खोटं एक अक्षर नव्हतं. वाक्य त्याने दोनदा वाचलं आणि, हे त्याला अजून आठवत होतं, त्याला ते आवडलं.

मुख्यालयाने काय वाचायचं ते वाचलं. वेढा उठतोय, गाव मोकळं होतंय, मग नाकं कशाला? बुधवारी साठ सैनिक पूल सोडून मागे आले. त्यांपैकी एकालाही खरचटलं नाही आणि निवडणुकीआधी एकही शवपेटी देशात आली नाही. शुक्रवारी सेनापतीने शब्द पाळला. बायकामुलांना नदीत उतरवून अलीकडे हाकललं, आणि पुरुष मालमोटारींत भरून टेकडीमागे नेले, ते परतले नाहीत. गावचा पोस्टमास्तर, बाईंच्या बहिणीचा नवरा, टपालाच्या शिक्क्यांची पेटी हातात घेऊन मोटारीत चढला, असं नंतर कोणीतरी सांगितलं. सरकारी मालमत्ता आहे, सोडून कशी जायची, असं म्हणाला म्हणे. पुढे चौकशी झाली. चौकशीत सगळ्यांनी सगळं खरं सांगितलं. मुख्यालय म्हणालं, तारेत 'मोकळे' होतं. तारेवाला म्हणाला, कागदावर 'मोकळे' होतं. राजदूत म्हणाला, "जे मला सांगण्यात आलं ते मी कळवलं." आणि मग तीन देशांचे नऊ जण टेबलाभोवती बसले आणि शब्द कोणाच्या हातून सांडला ते शोधू लागले, तेव्हा त्या खोलीत जिला देश नव्हता, सैन्य नव्हतं, मत नव्हतं अशी एकच व्यक्ती होती. पडत्या घराला सगळेच पाय लावतात. त्याने स्वतः तिचं नाव घेतलं नव्हतं. फक्त बाकीच्यांनी घेतलं तेव्हा तो पाणी पीत होता.

पुढे ती तार गाजली. संयत भाषेचा नमुना म्हणून नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ती शिकवत. त्याला बढती मिळाली, मोठ्या देशातली वकिलात मिळाली, निवृत्तीनंतर व्याख्यानं मिळाली. 'शांतता, लोकशाही आणि नेतृत्व' हे व्याख्यान तर इतक्यांदा झालं होतं की बायकोला त्यातले विनोद पाठ होते आणि ती पहिल्या रांगेत बसून वेळेआधी हसायची. त्यात एक वाक्य होतं, हमखास टाळीचं: 'लोकशाहीत निर्णय कोणी एकटा घेत नाही, हीच तिची ताकद.' टाळ्या पडत असताना त्याला दर वेळी आतून कोणीतरी चिमटा काढायचं. कोणी एकटा निर्णय घेत नाही म्हणजे कोणी एकटा सापडतही नाही. मंत्र्याने सांगितलं नाही, ह्याने लिहिलं नाही, मुख्यालयाने ठरवलं नाही, सैनिकांनी फक्त पूल सोडला. शंभर हात लागले तर गोवर्धन उचलला जातो म्हणतात. शंभर हात लागून गाव नदीत लोटलं तर कोणाच्याच हाताला ओल लागत नाही. आणि नेतृत्व? त्या मंत्र्याचा पुतळा आता चौकात होता, हात पुढे केलेला. पलीकडे जाणारा माणूस त्या हाताखालून जाताना नकळत वाकायचा. राजदूतही वाकायचा. शांतिसैनिकाबद्दल तो व्याख्यानात सांगायचा की त्याचं शस्त्र म्हणजे त्याची नुसती हजेरी. हेही खरंच होतं, म्हणून तर पूल सोडला ही एकच गोष्ट पुरली. असं सगळं खरं खरं सांगत माणूस म्हातारा झाला, आणि आता बायकोवर, वाढप्यावर, धाकट्यावर, दाराशी सायकल लावणाऱ्यावर त्याचा संशय होता. आपण सोडून जगातल्या प्रत्येकावर. हे त्याला त्या कोपऱ्यातल्या टेबलावर, चहाचा शेवटचा गार घोट घेताना, प्रथमच इतकं स्पष्ट दिसलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या लांब बोळात एकच बाक होतं आणि बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांना ओळखायला त्याला वेळ लागला नाही, पण त्यांनी ओळखलं नसतं तर बरं, असं मनात येऊन गेलं. त्या वाळल्या होत्या. केस कापले होते. चष्मा मात्र तसाच, जाड काड्यांचा. "नमस्कार, साहेब," त्या म्हणाल्या. "जिना चढून आलात? लिफ्ट चालू आहे." त्याने ह्याही वाक्यात काही आहे का ते पाहिलं. नव्हतं. लिफ्ट खरोखरच चालू होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं अर्ज करायला?" तो उभ्याउभ्याच म्हणाला. त्याला काही वेगळंच बोलायचं होतं, पण आधी हे बाहेर पडलं.

"डॉक्टरांनी," बाई म्हणाल्या. "बहिणीच्या. म्हणाले, ह्या वर्षातलं काय ते करून घ्या."

आत लांब टेबल होतं, पाण्याचे तांबे होते आणि समितीचे तिघे होते: मध्ये निवृत्त न्यायाधीश, कानात यंत्र, दोन्हीकडे दोन सभासद, त्यातला एक पेंगत होता. कडेला धाकटा, फाइल उघडी ठेवून, नजर खाली. त्याच्यामागे लघुलेखिका. न्यायाधीशांनी प्रश्न वाचला: "त्या दिवशी दुभाषीने आपल्याला शब्दाचा नेमका अर्थ सांगितला होता काय?" राजदूताने खिशातला कागद काढून टेबलावर उलगडला. 'इतक्या प्रदीर्घ कालावधीनंतर नेमके शब्द स्मरणे शक्य नाही. दुभाषीने तिच्या परीने प्रामाणिक प्रयत्न केले असावेत, असे मला वाटते.' सुंदर होतं. धाकटा त्याच्याच हाताखाली शिकला होता. पोटच्या पोराने मिशी फुटल्यावर बापाचाच कोट घालून समोर यावं तसं त्याला झालं. 'असावेत'मधलं कौशल्य तर त्याचं स्वतःचं, एकवीस वर्षांपूर्वीचं. त्याने कागदाची घडी घातली. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. शाळेत उत्तर येत नसलेल्या मुलाकडे त्या अशाच बघत नसतील.

"सांगितला होता," तो म्हणाला. "भांड्याचं क्रियापद आहे म्हणाल्या. रिकामं करणार, असं सांगितलं. चार वाजून दहा मिनिटांनी."

पेंगणारा सभासद जागा झाला. धाकट्याने मान वर केली आणि फार हळुवारपणे म्हणाला, "सर, म्हणजे दोन अर्थ संभवत होते, असं आपल्याला म्हणायचंय." लघुलेखिकेने ते लिहून घेतलं. मग तिने रीतीप्रमाणे वाचून दाखवलं: 'साक्षीदारांच्या मते सदर शब्दाचे दोन अर्थ संभवत होते.' राजदूताला एकदम हसू येऊ लागलं, मग रडू येऊ लागलं, आणि दोन्ही न येता नुसता ठसका लागला. सगळे पाण्याचा तांब्या पुढे करू लागले. "नाही," तो म्हणाला. "खोडा ते. बाईंनी एकच अर्थ सांगितला. दोन अर्थांचा शब्द मी शोधून काढला. मुद्दाम." लघुलेखिका धाकट्याकडे बघू लागली. मग राजदूताने तिच्या हातातून कागद घेतला, ते वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'दुभाषीने बरोबर सांगितले. मी ते बदलले.' सही केली. चाळीस वर्षांत इतकी छोटी वाक्यं त्याने लिहिली नव्हती. अक्षर शाळेतल्यासारखं आलं.

"ह्याची प्रत मिळेल मला?" बाईंनी विचारलं. "बहिणीला दाखवायची आहे."

न्यायाधीशांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा घसा खाकरून म्हणाला, "साक्षीचे कागद गोपनीय असतात, बाई. अहवाल सरकारकडे जाईल. सरकार तो मांडेल, म्हणजे योग्य वेळी. मग तीस वर्षांनी अभिलेखागारात कोणालाही बघता येतो." तो वाईट माणूस नव्हता, त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी मान हलवली, पर्स उचलली आणि उठल्या. एकवीस अधिक तीस ही बेरीज त्यांनी मनात केली असणार, गणिताच्याच होत्या.

बोळात राजदूताने त्यांना गाठलं. "फोन आहे बहिणीकडे?" बाई थांबल्या. फोन होता, उचलते पण आपला आवाज ऐकला की ठेवते, असं त्या म्हणाल्या. "मी बोलतो," तो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही भाषांतर करा." आणि बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं की आपण काय मूर्खासारखं बोलतोय. बाईंनीही त्याच्याकडे तसंच पाहिलं. "मी भाषांतर केलं तर ती काय म्हणेल? मी मनाचं सांगतेय म्हणेल. माझ्या तोंडून आलेलं काहीच तिला चालत नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला म्हणावं लागेल. आमच्या भाषेत. मी शिकवते."

बाकावर दोघं शेजारी बसले आणि बाईंनी त्याला वाक्य शिकवलं. सहा शब्दांचं होतं. तिसऱ्या शब्दात असा एक घशातला वर्ण होता की जो त्याला तेव्हाही कधी जमला नव्हता. बाई म्हणायच्या, तो मागून म्हणायचा. चुकला की त्या पुन्हा म्हणायच्या, न रागावता, न कौतुक करता. शिपाई चहाचे कप घेऊन जाताना त्यांच्याकडे बघून गेला. सहाही शब्द एका दमात आले तेव्हा राजदूताच्या तोंडावर तो जुना प्रश्न आला: ह्याचा अर्थ काय? नेमका? ह्या सहा शब्दांत ती मला काय बोलायला लावतेय? मी लिहून दिलंय तेवढंच, की जास्तीचं? माझ्या तोंडून 'मी मारलं' असं तर नाही ना म्हणवून घेत? आजवर वाचल्याशिवाय त्याने कुठल्या कागदावर सही केली नव्हती, अर्थ कळल्याशिवाय कुठल्या देशात नमस्कारसुद्धा केला नव्हता. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या वाट बघत होत्या, हे त्याला कळलं. त्यांनी तेव्हाही गाडीत अशीच वाट बघितली होती. "लावा फोन," तो म्हणाला.

बराच वेळ वाजत राहिला. मग पलीकडून एक जड, वयस्क आवाज आला. बाईंनी फोन त्याच्या हातात दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्याने ते सहा शब्द म्हटले. घशातला वर्ण पुन्हा चुकला.  त्याला वाटलं, पलीकडून फोन ठेवला. त्याने पुन्हा म्हटले, ह्या वेळी सावकाश, एकेक शब्द. मग तो आवाज बोलला. लहानसं वाक्य होतं, शेवट वर गेलेला. आवाज फोनबाहेर ऐकू येत होता आणि बाई ते ऐकून खाली बघत होत्या.

"काय विचारतात?" त्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

बाईंनी भाषांतर केलं, नेहमीसारखं, मध्ये स्वतःचं काही न घालता. "तुला तेव्हाच माहीत होतं?"

त्यांच्या भाषेतले त्याला पाचसात शब्दच येत होते. त्यात 'हो' होता. तिथे असताना रोज म्हणायचा तो, चहा हवा का विचारलं की, गाडी तयार ठेवू का विचारलं की. त्याने फोनवरचा हात काढला आणि तो शब्द म्हटला. पलीकडून फोन ठेवला गेला नाही. बहीण श्वास घेत होती, आणखी काही येतंय का त्याची वाट बघत होती. बाजूला बाई बसल्या होत्या, त्याही वाट बघत होत्या.